रॅकखालचे पाय: आधी काटा, मग रबर

म्युझिक सिस्टिमच्या रॅकखाली बसवायच्या पायांच्या जाहिराती वाचल्या तर वाटतं, सगळा खेळ मालाचा आहे. कुणी पितळेचा टोकदार पाय विकतो, कुणी सिलिकॉनचा मऊ गोळा, कुणी स्प्रिंग घातलेली डबी, कुणी बुचाचे आणि रबराचे थर दिलेली चकती. किमती शंभर-दोनशे रुपयांपासून सुरू होतात आणि बैलजोडीच्या भावापर्यंत जातात. घेणाराही पहिलं हेच विचारतो, की हा कशाचा बनला आहे? खरं तर हा प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न, त्यावर वजन किती पडणार. दुसरा, खाली जमीन कशी आहे. ही दोन उत्तरं हातात नसताना घेतलेला महागातला महाग पाय काहीच करत नाही, आणि कधी कधी होतं त्यापेक्षा वाईट करून ठेवतो.

आता हे असं का, ते बघू.

हलवतं कोण?

विदर्भातल्या गावच्या घरात होळीपासून मृगापर्यंत सगळ्यात मोठा हलवणारा म्हणजे कूलर. खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर ठेवलेला, पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा. त्याची मोटर साधारण मिनिटाला १४०० फेरे घेते. मोठ्या पात्यांचा, सावकाश फिरणारा पंखा असेल तर ९०० च्या आसपास. ६० ने भागलं की सेकंदाला २३ किंवा १५ फेरे होतात. बोअरच्या पाण्याचा क्षार आणि धूळ सगळ्या पात्यांवर सारखी बसत नाही. एखादं पातं जड होतं आणि दर फेऱ्याला कूलर एक धक्का देतो. सेकंदाला २३ धक्के म्हणजे २३ हर्ट्झचं कंपन. ते घोडीतून चौकटीत, चौकटीतून भिंतीत आणि भिंतीतून फरशीत उतरतं. इतका खालचा आवाज कान फारसा पकडत नाही, त्यामुळे आपल्याला वाटतं की सगळं ठीक आहे. रेकॉर्ड प्लेअरची सुई मात्र तो पकडते.

बाकीचे हलवणारे ओळखीचेच आहेत. शेजारची पिठाची गिरणी, हातपंपाजवळ बसवलेली मोटर, कापसानं भरलेला ट्रॅक्टर, माडीवर चालणारी माणसं. कोळसा खाणींच्या पट्ट्यात दुपारचा ब्लास्ट. ब्लास्टपुढे कुठलाही पाय टिकत नाही, कारण तो धक्का मोठा असतो आणि त्याची हालचाल फार मंद असते. त्या वेळी सुई उचलून ठेवणं एवढंच आपल्या हातात. आणि एक हलवणारा आपण स्वतः घरात आणून ठेवलेला असतो, तो म्हणजे स्टॅबिलायझर. गावात व्होल्टेजचा भरवसा नाही, म्हणून तो लागतोच, आणि बहुतेक घरांत तो रॅकच्याच खालच्या कप्प्यात बसवलेला असतो. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरचं लोखंड त्या प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणलं जातं, म्हणून स्टॅबिलायझर आणि इन्व्हर्टर १०० हर्ट्झला गुणगुणतात. हात लावला तर बोटांना कळतं.

शिवाय स्पीकर आहेतच. त्यांचा धक्का दोन वाटांनी येतो: एक जमिनीतून, एक हवेतून. पाय फक्त पहिल्या वाटेवर उभा असतो. हवेतून येणारा ढोल रॅकच्या फळीला, प्लेअरच्या झाकणाला आणि वरच्या टिनाला थेट जाऊन भिडतो. टिन वाजतं म्हणून रॅकखाली पाय बसवण्यात अर्थ नाही.

कुलूप आणि रबर

पाय काम कसं करतो, हे कळायला पुस्तक नको. पाकिटांना लावायचे पाच-सहा रबर एकमेकांत ओवून साखळी करा, खालच्या टोकाला दाराचं कुलूप अडकवा, वरचं टोक हातात धरा. हात अगदी हळू वरखाली करा: कुलूप हाताबरोबर तेवढंच वरखाली होईल. आता वेग थोडा वाढवत न्या. एका ठरावीक वेगाला कुलूप एकदम उसळायला लागेल, हात दोन बोटं हलला तर ते वीतभर हलेल. तिथून आणखी पुढे जा, हात भराभर थरथरवा. हात हलतो आहे, रबर ताणतं आहे, सैलावतं आहे, आणि कुलूप जवळपास जागच्या जागी.

कंपन अडवणाऱ्या प्रत्येक पायाचं काम एवढंच आहे. तुमचा हात म्हणजे जमीन, कुलूप म्हणजे प्लेअर. ज्या वेगाला कुलूप उसळलं, ती त्या जोडीची स्वतःची लय. त्या लयीपेक्षा मंद धक्के जसेच्या तसे वर जातात. लयीशी जुळणारे धक्के वाढून जातात. लयीच्या साधारण १.४ पटीपेक्षा जलद धक्के कमी व्हायला लागतात: दुपटीला तिसरा हिस्सा वर पोचतो, तिपटीला आठवा, चौपटीला पंधरावा. पायात थोडी जिरवण्याची ताकद असली की हे आकडे थोडे बदलतात, पण हिशेब हाच.

म्हणजे पायाची लय जितकी मंद तितकं बरं. ही लय मालावर ठरत नाही. वजन ठेवल्यावर पाय किती दबतो, त्यावर ती ठरते. साध्या स्प्रिंगसाठी सोपं गणित आहे: किती मिलिमीटर दबला त्याचं वर्गमूळ काढा आणि १६ ला त्यानं भागा. एक मिलिमीटर दबला तर लय १६ हर्ट्झ. चार मिलिमीटर दबला तर ८. दहा मिलिमीटरला ५, आणि पंचवीस मिलिमीटरला ३ च्या थोडी वर. रबराच्या बाबतीत खरी लय या हिशेबापेक्षा वर असते, कारण रबर हलत्या वजनाला स्थिर वजनापेक्षा कडक उत्तर देतं. गणितानं १६ आली तर २० धरून चाला.

आता कूलरकडे परत या. बाजारात मिळणारी जाड, खाचांची रबरी चकती, वॉशिंग मशीनखाली ठेवतात ती, हलक्या प्लेअरखाली ठेवली तर जेमतेम एक मिलिमीटर दबते. तिची लय २० च्या आसपास. कूलरचे धक्के २३. दोन आकडे इतके जवळ आले की चकती धक्का अडवत नाही, वाढवून वर देते. माणूस म्हणतो, रबर बसवलं तरी घरघर वाढलीच कशी? तीच चकती दहा मिलिमीटर दबली असती, तर लय ५-६ वर आली असती आणि कूलरचा पंधरावा-विसावा हिस्साच वर पोचला असता. कूलर तोच, प्लेअर तोच, बदललं फक्त दबणं.

उलट बाजूनंही चूक होते. मऊ स्पंजवर जड अँप्लिफायर ठेवला की स्पंज पार चपटा होतो, पुढे दबायला जागाच उरत नाही. न दबलेला पाय दगड, आणि पूर्ण दबलेला पायही दगडच. म्हणून चांगल्या कंपन्या पायामागे किती ते किती किलो, हे लिहून देतात. हे लिहिलेलं नसेल, तर तो पाय कितीही देखणा असो, घेऊ नका. लिहिलेलं असेल, तर आपलं वजन त्या मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात पडेल असा निवडा. सॉर्बोथेनसारखा मऊ पॉलियुरेथेन त्याच्या जाडीच्या दहा ते वीस टक्के दबला की नीट काम करतो; त्याहून कमी दबला तर पैसे वाया.

वजन करायचं कसं

कापूस वेचणीच्या घरात लटकता काटा असतोच. संध्याकाळी गाठोडी मोजायचा तोच काटा इथे कामाला येतो. नुसतं एकूण वजन पुरत नाही, कारण यंत्राचं वजन चारही पायांवर सारखं पडत नाही. अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर बहुधा एका कडेला असतो. १४ किलोच्या अँप्लिफायरमध्ये ९ किलो उजवीकडे आणि ५ डावीकडे, असं सहज असू शकतं. चारी पाय एकाच जातीचे लावले तर उजवी बाजू खाली बसते, डावी न दबता कडक राहते आणि यंत्र तिरपं दिसतं.

मोजायचं असं: यंत्राची वीज काढा, तारा काढा. एका कडेच्या दोन पायांजवळून सुती पट्टा घाला, काट्याला अडकवा आणि ती कड जेमतेम जमिनीवरून सुटेल इतकीच सरळ वर उचला. काटा दाखवेल ते त्या कडेचं वजन. मग दुसरी कड. दोन्ही मिळून एकूण वजन यायला हवं. आलं नाही तर पट्टा पायांच्या रेषेत नव्हता, परत करा. मग जड कडेला जास्त वजनाचा पाय लावा, किंवा सगळे पाय एकाच जातीचे ठेवून जड बाजूकडे सरकवा. सरकवणं स्वस्त पडतं. प्लेअर असेल तर हे करताना तबकडी (जिच्यावर रेकॉर्ड फिरते ती) आणि आर्म (सुई धरणारा दांडा) बांधून ठेवा, नाहीतर काटा सोडून सुईच्या दुकानात जावं लागेल.

तीन पाय की चार? तीन पाय कधीच डुगडुगत नाहीत, पण कोपऱ्यावर हात पडला तर यंत्र कलंडतं. घरात लहान पोरं असतील तर चार, आणि त्यातले निदान दोन वरखाली होणारे.

कुणाला गरज, कुणाला नाही

इथे मी जाहिरातींच्या अगदी विरुद्ध बाजूला आहे. घरातल्या सगळ्या यंत्रांत खरी गरज एकालाच असते, ती रेकॉर्ड प्लेअरला. रेकॉर्डच्या खाचेतल्या हळू आवाजाच्या नागमोडी वळणांची रुंदी मायक्रॉनमध्ये आणि त्याहूनही खाली मोजतात. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. सुईचं कामच मुळी इतकं बारीक हलणं पकडणं. ते हलणं गाण्याचं आहे की कूलरचं, हे तिला कळत नाही. वरून आर्म आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाची, सुई बसवलेली डबी) यांच्या जोडीला स्वतःची लय असते, ती ८ ते १२ हर्ट्झमध्ये असावी असं मानतात. म्हणून प्लेअरखालच्या पायाची लय या पट्ट्यात कधीच नको. ४-५ किंवा त्याखाली हवी.

ही गोष्ट नवी नाही. १९६१ मध्ये अमेरिकेत अकूस्टिक रिसर्च या कंपनीच्या एडगर विल्चर यांनी असा प्लेअर आणला, ज्यात तबकडी आणि आर्म एका चौकटीवर आणि ती चौकट मंद लयीच्या स्प्रिंगांवर टांगलेली होती. सुई चालू असताना पेटीवर हातोडीनं ठोकलं तरी गाणं अडखळत नाही, हे ते दाखवत. पुढे थोरेन्स आणि लिनसारख्या कंपन्यांनी तीच वाट धरली. तुमच्या प्लेअरची तबकडी हलक्या हातानं दाबली की खाली जाऊन डुलत वर येत असेल, तर त्यात स्प्रिंग आधीच आहे. अशा प्लेअरखाली आणखी मऊ पाय लावू नका. मऊवर मऊ ठेवलं की दोन लयी एकमेकींत गुंततात आणि पावलाच्या धक्क्याला सगळं डोलायला लागतं. त्याला खाली घट्ट, जड, न हलणारी जागा द्या.

सूटकेससारख्या पेटीतला प्लेअर, ज्याचे स्पीकर पेटीतच असतात, त्याचा हलवणारा पोटातच बसलेला आहे. त्याला बाहेरून कुठलाही पाय वाचवणार नाही.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, अँप्लिफायरला थोडी गरज असते. काचेच्या आतल्या बारीक जाळ्या हलल्या की तो आवाज स्पीकरमधून येतो. पेन्सिलीनं हलकंच टिचकलं तर टणत्कार ऐकू येईल. सीडी प्लेअरला फारशी नाही, त्याच्या आत स्वतःची रबरी झुल आणि चुका दुरुस्त करायची सोय असते. ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर, डॅक (डिजिटल गाण्याचे विजेचे संकेत करणारी डबी), मोबाइलवरून वाजणारा स्ट्रीमर, यांना काहीच नाही. यांच्याखाली हजारो रुपयांचे पाय लावणाऱ्यांना फरक ऐकू येत असेल तर येवो, पण तो पैसा चांगल्या अर्थिंगवर आणि स्टॅबिलायझरवर घातला तर निदान यंत्र जळणार नाही.

स्टॅबिलायझरला मात्र पाय लावाच, फक्त उलट कारणानं. तिथे बाहेरचं आत येण्याची फिकीर नसते, आतलं बाहेर जाऊ द्यायचं नसतं. त्याचे धक्के १०० हर्ट्झचे, म्हणजे २० लयीची साधी रबरी चकतीही पाचपट मागे आहे. वॉशिंग मशीनची जी चकती प्लेअरखाली नकोशी होती, तीच इथे झकास चालते. त्याहून बरं म्हणजे स्टॅबिलायझर आणि इन्व्हर्टर रॅकमधून काढून जमिनीवर वेगळे ठेवणं.

जमीन

तळमजल्यावर मुरमाची भरणी, त्यावर काँक्रीट, त्यावर कोटा किंवा टाइल, अशी जमीन असेल तर माणसाच्या चालण्याचा त्रास जवळपास नसतोच. तिथे रॅकला कडक पाय द्या. रॅकमध्ये सगळं मिळून साठ-सत्तर किलो भरतात. एवढं उंच, वर जड असलेलं धूड मऊ पायांवर ठेवलं की ते हात लावताच डोलतं, आणि डोलण्याची ती लय नेमकी पावलांच्या चालीशी जुळते. माझं मत साफ आहे: रॅकला कडक पाय, आणि फक्त प्लेअरखाली मऊ बैठक.

टोकदार स्पाइकबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे, की तो कंपन खाली जाऊ देतो आणि वर येऊ देत नाही. असा एकमार्गी रस्ता लोखंडात नसतो. जे खाली जाऊ शकतं ते वरही येऊ शकतं. स्पाइकचा खरा उपयोग दुसरा: टेकायची जागा बिंदूएवढी असल्यानं जड स्पीकर उंचसखल फरशीवरही डुगडुगत नाही, आणि गालिचा असेल तर तो भेदून खाली घट्ट बसतो. टाइलवर ठेवताना खाली एकेक नाणं ठेवा, नाहीतर टाइल टवकते.

शेणानं सारवलेली मातीची जमीन कंपन जिरवायला उत्तम, कारण ती जड असते आणि हलकी थरथर स्वतःतच मुरवते. अडचण एवढीच की बारीक पाय तिच्यात रुततात आणि लाकडाला वाळवी लागते. रॅकखाली शहाबादी फरशीचा एक तुकडा ओल्या मातीत नीट बसवून टाका, दोन्ही प्रश्न मिटतात.

खरी कसोटी जुन्या वाड्याच्या माडीवर. सागाच्या तुळया, वर फळ्या, त्यावर मातीचा थर किंवा नुसत्याच फळ्या. अशा मजल्याची स्वतःची लय बरीच खाली असते, दहा हर्ट्झच्या मागेपुढे. माणूस सेकंदाला दोनेक पावलं टाकतो, त्या प्रत्येक पावलाला मजला लवतो, आणि स्प्रिंगचे पाय असले तर प्लेअर झुल्यासारखा वरखाली होतो, कारण पावलाची गती आणि मऊ पायाची लय यांत अंतरच उरत नाही. इथे पाय बदलत बसू नका. जमीनच सोडा. प्लेअर भिंतीवर न्या.

आपल्याकडे कपाटात, स्वयंपाकघरात विटांच्या भिंतीत रुतवलेला कडप्प्याचा कप्पा असतो. तो प्लेअरसाठी विकतच्या कुठल्याही स्टँडपेक्षा सरस. दगड जड, भिंत त्याहून जड, पावलांशी संबंध नाही. नवा कप्पा बसवायचा असेल तर छताचा भार घेणारी विटांची भिंत निवडा. कुडाच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीत खिळा धरत नाही. आणि जिच्या खिडकीत कूलर बसवला आहे, ती भिंत सोडून दुसरी कुठलीही.

सायकलची ट्यूब

मऊ बैठक विकत घ्यायचीच असेल तर स्प्रिंगची घ्या, पण स्प्रिंगच्या आत रबर किंवा फोम भरलेली. नुसती स्प्रिंग एकदा डोलली की डोलतच राहते. विकत घ्यायची नसेल तर गावात मिळणारी सगळ्यात चांगली स्प्रिंग हवा आहे. लहान पोरांच्या सायकलची बारा इंची ट्यूब घ्या. खाली प्लायचा तुकडा, त्यावर ट्यूब आडवी, त्यावर कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा तुकडा, ४५ बाय ३५ सेंटिमीटरचा, २० मिलिमीटर जाड. असा तुकडा साधारण साडेआठ किलो भरतो, आणि ते वजनच हवं असतं: हलक्या प्लेअरला ट्यूब नीट दबवत नाही, दगडासकट दबवते. किचन ओट्याचं काम करणाऱ्याकडे असे कातरलेले तुकडे पडलेले असतात. कडा मात्र घासून घ्या, चुन्यासारख्या पांढऱ्या भुकटीनं बोटं भरेपर्यंत, म्हणजे ट्यूब कापणार नाही.

पंक्चरवाला विचारतोच.

"हवा कितीक मारू भाऊ?"

"थोडीशीच. बोटानं दाबली तर पार खाली टेकली पायजे."

"मंग सायकल चालन कशी?"

हवा इतकीच ठेवायची की दगड आणि प्लेअर ठेवल्यावर ट्यूब दबून दगड प्लायपासून दीड-दोन सेंटिमीटर वर तरंगेल. जास्त मारली की ट्यूब कडक होते आणि लय वर जाते. नीट जमलं की ही बैठक ४-५ हर्ट्झच्या आसपास येते, विकतच्या महाग बैठकींच्या तोडीला. पडताळायचं तर दगड एका बोटानं दाबून सोडा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. एका सेकंदात किती वेळा वरखाली झाला ते मोजता येतं. डोलणं दोन-तीन हेलकाव्यांत थांबलं पाहिजे. वॉल्व्ह मागच्या बाजूला, हात पोचेल असा ठेवा, कारण हवा हळूहळू कमी होते आणि अधूनमधून भरावी लागते. दिसायला बैठक काही खास नाही, आणि एका कडेला वजन जास्त असेल तर दगड तिकडे झुकतो. मग प्लेअर इंचभर सरकवायचा.

उन्हाबद्दल एक सांगायला हवं. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारी बंद घरातही फारसा कमी नसतो. अशा वेळी मऊ जेलचे आणि पॉलियुरेथेनचे पाय आणखी मऊ होतात, वजनाखाली हळूहळू पसरतात आणि पॉलिश केलेल्या लाकडावर तेलकट डाग सोडतात, जो सहज निघत नाही. त्यांच्याखाली आणि वर काचेचा किंवा स्टीलचा पातळ तुकडा ठेवा. बूच आणि स्टीलच्या स्प्रिंगा यांना उन्हाचं सोयरसुतक नाही. रबर उंदीरही कुरतडतात, तेही लक्षात असू द्या.

खरंच फरक पडला का?

कानावर विश्वास ठेवण्याआधी एक साधी चाचणी करा. तबकडी थांबलेली, मोटर बंद, सुई रेकॉर्डवर टेकवलेली. आवाज अगदी कमी ठेवून हळूहळू वाढवा आणि प्लेअरजवळची फळी बोटाच्या पेरानं टकटक वाजवा. स्पीकरमधून जो धप्प आवाज येईल, तो वाटेतून आलेला. मग जमिनीवर पाय आपटा. मग कूलर लावा आणि स्पीकरचा मोठा पडदा बघा: आवाज नसताना तो थरथरत असेल तर कूलर आत पोचला आहे. पाय बसवल्यावर हेच परत, आवाजाचं बटण त्याच खुणेवर ठेवून. आवाज फार वाढवू नका. सुई आणि स्पीकर एकमेकांना चिथवायला लागले की घों असा आवाज चढत जातो आणि स्पीकर फाटू शकतो.

आकडे हवे असतील तर फायफॉक्स नावाचं मोफत अॅप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं काढलेलं. ते मोबाइलच्या आतल्या संवेदकावरून कंपन मोजतं आणि कुठल्या हर्ट्झला किती, हे आलेखात दाखवतं. मोबाइल आधी फरशीवर ठेवा, मग बैठकीवर. कूलर चालू असेल तर २३ जवळ उभा सुळका दिसेल. बैठकीवर तो बसका झाला पाहिजे. उंच झाला तर पाय चुकीचा आहे, मग तो कितीचाही असो. फार बारीक कंपन मोबाइलला दिसत नाही, पण कूलर आणि पावलं दिसतात.

हे करताना बऱ्याचदा लक्षात येतं, की पायांपेक्षा कूलरचा इलाज सोपा होता. पाती व्हिनेगरनं पुसून क्षार काढला, पंख्याच्या दांड्याचा स्क्रू आवळला, घोडी आणि चौकट एकमेकांना टेकतात तिथे जुन्या टायरचा पट्टा घातला, एवढ्यानंच सुळका खाली येतो. मूळ धक्का जितका लहान, पायाला काम तितकं कमी.

दोन गोष्टी लोक विसरतात. मऊ बैठक बसवली आणि तिची मागची कड भिंतीला टेकलेलीच राहिली, तर कंपन बैठकीची वाट सोडून भिंतीतून येतं. दोन बोटं अंतर ठेवा. तसंच जाड, ताठ केबल. ती काठीसारखी सरळ ओढलेली असेल तर बैठकीला बांधूनच ठेवते. मागे केबलला सैल वळसा द्या, दगड मोकळा डोलला पाहिजे.

काळ्या मातीवरच्या घरांत शेवटचं काम वर्षातून दोनदा करावं लागतं. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावरची फरशीही थोडी वरखाली होते. जूनमध्ये सरळ असलेला रॅक ऑक्टोबरात एका कोपऱ्याला नाक खाली घालून उभा असतो. म्हणून रॅकचे कडक पाय आट्यांचे, खाली लॉकनट असलेले घ्या. पावसाळ्याआधी एकदा आणि दसरा-दिवाळीच्या मधे एकदा प्लेअरच्या तबकडीवर पाणसळ ठेवा, आडवी आणि उभी दोन्ही. बुडबुडा मधे येईपर्यंत कोपऱ्याचा पाय फिरवा, लॉकनट पान्यानं आवळा, आणि मग सुई रेकॉर्डवर किती वजनानं टेकते, ते परत एकदा तपासून घ्या.